देऊळ डोंगराखाली येतं तिथे

वरोरचा नारू तांडेल खोटं बोलत नाही असं गावात सगळे म्हणायचे, आणि एका गोष्टीचा अपवाद सोडला तर ते खरं होतं. समुद्रातल्या जागांबद्दल तो बिनदिक्कत खोटं बोलायचा. उत्तरेकडून पापलेटांनी होडी भरून आणलेला नारू, कोणी विचारलं तर न अडखळता दक्षिणेकडे बोट दाखवायचा. यात कोणाला वावगं वाटत नसे, कारण विचारणाराही स्वतःच्या जागेबद्दल तेच करायचा. चांगली जागा ही घरची चीज. ती बापानं मुलाला सांगायची, तीसुद्धा होडीत, आसपास दुसरी होडी नाही हे बघून. सख्ख्या भावालाही सांगायची नाही.

जागा म्हणजे दोन खुणा. पाण्यावर रेघ मारता येत नाही, म्हणून जुन्या माणसांनी जमिनीवरच्या वस्तू धरल्या. किनाऱ्याजवळची एक वस्तू आणि तिच्या मागे लांबवरची दुसरी, या दोन्ही एकाखाली एक आल्या की आपण एका रेषेवर आलो. तशीच आणखी एक जोडी बाजूला धरायची. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की तीच ती जागा. नारूला अशा चाळीसेक जागा तोंडपाठ होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांहून जास्त जागांची पहिली खूण होती गावचं महादेवाचं देऊळ.

हे देऊळ किनाऱ्यावरच्या वाळूच्या, म्हणजे पुळणीच्या, अगदी कडेला उभं होतं. कोणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ज्यानं बांधलं तो दर्यावर्दीच असणार यावर नारूनं कोणाशीही पैज लावली असती. जोतं काळ्या दगडाचं, भिंतींना शिंपल्या भाजून केलेला चुना. सभामंडपाला सहा सागवानी खांब, आणि वर नजर टाकली तर छताचे वासे होडीच्या फासळ्यांसारखे वाकवलेले, कारण ते काम घरं बांधणाऱ्या सुतारांनी नव्हे, होड्या बांधणाऱ्यांनी केलं होतं. दुपारी मंडपात उताणं पडलं की आपण उलट्या होडीच्या पोटात आहोत असं वाटायचं. गाभारा तीन पायऱ्या खाली, थंडगार, चार माणसांत भरून जाणारा. त्याच्यावर चाळीस फुटांचं बसकं, गोलसर शिखर, त्यात कोनाडे, आणि कोनाड्यांत पारव्यांचे संसार.

देवळाचं दार पश्चिमेला, थेट समुद्राकडे. आत पिंडी, पिंडीसमोर नंदी, नंदीच्या पाठीशी पायरी आणि पायरीपुढे पाणी, सगळं एका ओळीत. ती ओळ मागे पूर्वेकडे ताणत नेली तर बरोबर महालक्ष्मीच्या डोंगराच्या सुळक्याला जाऊन टेकायची. हे आपोआप झालेलं नाही, असं नारू म्हणायचा. देव बसवणाऱ्यानं आधी समुद्रात जाऊन मग जागा ठरवली असणार.

दरवर्षी होड्या पाण्यात लोटायच्या आधी शिखराला चुना लागायचा आणि तो मान नारूचा होता. मान कसला, दोरीला लोंबकळत डोळ्यांत चुना घालून घ्यायचा. पण तीस वर्षं त्यानं तो दुसऱ्या कुणाला दिला नाही. शिखर पांढरंशुभ्र असेल तरच ते आठ मैलांवरून दिसणार, आणि दिसलं तरच गावाची चूल पेटणार, एवढा साधा त्याचा हिशोब होता. पुढे होड्यांवर जीपीएस आलं, पोरं डब्याकडे बघून जाळी टाकू लागली, तरी नारू आपला चुना लावतच राहिला.

त्याचा एकुलता एक मुलगा सुरज सात वर्षांचा असताना पहिल्यांदा त्याच्याबरोबर समुद्रावर आला. होडी किनाऱ्यापासून तिरकी निघाली आणि जरा वेळानं पोरगं बापाच्या कानाशी येऊन हळूच म्हणालं, "बाबा, देऊळ चालतंय."

होडी तिरकी गेली की जवळचं देऊळ मागच्या डोंगरांच्या रांगेवरून सरकताना दिसतं खरं. नारू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग पोराला मांडीवर घेऊन म्हणाला, "देऊळ नाय चालत रं. आपण चालतो. देऊळ हाय तिथंच ऱ्हातं, म्हणून तर आपण घरी येतो." त्या दिवशी त्यानं सुरजला पहिली खूण शिकवली. पुढच्या दहा वर्षांत चाळीसच्या चाळीस जागा पोराच्या डोक्यात गेल्या.

सुरज तेविसाव्या वर्षी गेला. मार्गशीर्षातली वद्य पंचमी, सकाळची वेळ, समुद्र घरच्या अंगणासारखा शांत. होडीत बापलेक दोघंच. जाळं सोडताना दोरीचा फेरा सुरजच्या पायात अडकला आणि जाळ्याच्या वजनानं त्याला खाली नेलं. नारूनं कोयता घेऊन उडी मारली, दोरी कापली, पण दोरीच्या टोकाला पाय नव्हता. छाती फुटेस्तोवर तो बुड्या मारत राहिला. मग होडीच्या काठाला लोंबकळून धापा टाकत असताना त्याचे डोळे सवयीनं किनाऱ्याकडे वळले आणि त्यांनी खुणा घेतल्या. देऊळ डोंगराच्या सुळक्याखाली. डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी किनाऱ्याच्या खडकाळ टोकाच्या डाव्या कडेवर. पोरगं पाण्यात आणि आपण खुणा घेतोय, हे आठवून त्याला पुढे कितीतरी वर्षं स्वतःची शिसारी यायची.

गावच्या बारा होड्या तीन दिवस फिरल्या. सुरज मिळाला नाही. नारूजवळ उरल्या त्या दोन खुणा.

ती जागा त्यानं गावात कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर गावानं तिथे पुन्हा जाळंही टाकलं नसतं, एवढी माया गावात होती. पण जागा सांगायची नाही हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं, आणि ज्याला सांगायची तो तर तिथेच होता. सांगितलं फक्त बायकोला, शांतीला, आणि तेही अर्धंच. एका संध्याकाळी तो तिला देवळाच्या पायरीवर घेऊन गेला, नंदीकडे पाठ करून बसवलं आणि म्हणाला, इथून नाकासमोर बघ. डोंगर, देव, नंदी, तू आणि आपला सुरज, सगळे एका रेघेत आहेत.

त्या दिवसापासून शांती रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागली. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या त्या उंच मांडवावर, वाळत घातलेले बोंबील काढायचे, टोपल्या झाकायच्या, हातपाय धुवायचे आणि पायरीवर जाऊन नाकासमोर बघत बसायचं. लोकांना वाटायचं ती देवाला आली. देवाकडे तर तिची पाठ असायची.

दर वर्षी त्या तिथीला नारू आपली छोटी होडी घेऊन एकटा जायचा. दोन्ही खुणा जुळल्या की इंजिन बंद करायचा, झेंडूची माळ सोडायचा, तांदळाची भाकरी सोडायचा, नारळ सोडायचा. पोराशी चार शब्द बोलायचा. आणि निघण्याआधी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तळाला टाकायचा. त्या गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात साबण भरला की तळाचं जे असेल ते चिकटून वर येतं. आजूबाजूला मैलभर स्वच्छ वाळू होती, पण त्या एका जागी काळा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा. तो गोळा तो न धुता घरी आणायचा. शांती साबणावरचा चिमूटभर चिखल नखानं काढायची आणि दारच्या तुळशीच्या मातीत दाबायची. पोराची रक्षा मिळाली नव्हती. जे मिळत होतं ते हे. घरात शिरताना ती दर वर्षी एकच विचारायची, देऊळ डोंगराखाली होतं ना? तो म्हणायचा, होतं. अशी तेरा वर्षं गेली.

अलीकडे समुद्र किनारा खायला लागला होता. उधाणाच्या भरतीला पाणी गाभाऱ्यात उतरायचं आणि पिंडी दोन दोन दिवस खाऱ्या पाण्यात राहायची. देवस्थान समितीचा सेक्रेटरी पियुष हा हुशार आणि धावपळ्या मुलगा, त्यानं रस्त्यालगतची जागा मिळवली, देणगीदार गाठले आणि गावाची सभा बोलावली. म्हातारे कुरकुरत होते. देव हलवायचा म्हणजे काय? तेव्हा नारू उठला. आपलं अंथरूण भिजलं तर आपण उचलतो, आणि देवाला पाण्यात बसवून ठेवतो, आपण कसले भक्त, असं त्यानं सभेला विचारलं. मग म्हणाला, नवं शिखर एकसष्ट फुटांचं होतंय, आता तर अजून लांबून दिसेल. सगळ्यात आधी हात वर केला तो त्यानंच. त्याच्यामागून सगळ्या गावानं केला. बायका मागे बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

चाळीस जागा डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला तेव्हा एवढंही सुचू नये, याला काय म्हणायचं? पण नारू आता रोजचा समुद्रावर जात नव्हता, गुडघे गेले होते. त्याच्या मनात देऊळ उंच होत होतं, हलत नव्हतं.

नवं देऊळ चारशे पावलांवर, गावाच्या दुसऱ्या अंगाला झालं. झालं मात्र देखणं. संगमरवरी लाद्या, नक्षीच्या जाळ्या, खांबाखांबावर देणगीदारांची नावं, पुढे गाड्या लावायला ऐसपैस जागा, आणि दार पूर्वेला, रस्त्याकडे. या वैशाखात देव वाजतगाजत तिकडे गेले. जुन्या शिखरावरचा तांब्याचा कळस उतरवण्याचा मान अर्थात नारूला मिळाला. गुडघ्यांचं दुखणं विसरून तो शिडी चढला. कळस छातीशी धरून खाली आला तेव्हा लोकांनी त्याचा फोटो काढला आणि तो नव्या देवळाच्या ऑफिसात लावला. दुसऱ्या दिवशी जेसीबीनं दुपारपर्यंत सगळं शिखर आणि मंडप खाली घेतला. सागवानी वासे लिलावात गेले. जोतं तेवढं राहिलं, कारण ते उपसायचं काम महाग होतं.

गावातल्या बायका नव्या देवळाला जाऊ लागल्या. शांती गेली नाही. ती आपली संध्याकाळी त्या उघड्या जोत्यावर, नंदी होता त्या जागेपुढे, जाऊन बसायची. नारूनं दोनदा समजावलं, तिकडे पंखे आहेत, बसायला बाक आहेत. ती हो म्हणायची आणि इकडेच यायची. म्हातारपणी बायका हट्टी होतात, असं त्यानं आपल्याशीच ठरवून टाकलं.

मार्गशीर्ष आला. नारूनं छोटी होडी गेल्या वर्षीच विकली होती, म्हणून पुतण्या मुकेश आपली बोट घेऊन आला. नारळ, माळ, भाकरी, शिशाचा गोळा, सगळं टोपलीत घालून शांतीनं दिलं. 

हवा स्वच्छ होती. नारू पुढे बसून नुसता हातानं डावीकडे, उजवीकडे दाखवत होता. आठ मैलांवरून नवं देऊळ उन्हात चमकत होतं, कळससुद्धा वेगळा ओळखू येत होता. आपलं बोलणं खरं झालं म्हणून त्याला बरंही वाटलं. देऊळ सरकत सरकत सुळक्याखाली आलं. चिमणी टोकाच्या डाव्या कडेवर आली. त्यानं हात वर केला आणि मुकेशनं इंजिन बंद केलं.

नारूनं माळ सोडली, भाकरी सोडली. नारळ सोडताना, या खेपेला मुकेश बरोबर असल्यानं, चार शब्द मनातच बोलला. मग गोळा खाली सोडला आणि वर ओढला. साबणाला वाळू चिकटली होती. पांढरी, स्वच्छ वाळू. नीट टेकला नसेल म्हणून त्यानं साबण खरवडून पुन्हा टाकला. पुन्हा वाळू. तिसऱ्यांदा वाळू. मग तो गोळा हातात तसाच धरून त्यानं किनाऱ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याला नवं देऊळ दिसलं नाही, जुनं तिथे नाही हे दिसलं.

देऊळ चाललं होतं. चारशे पावलं चाललं होतं आणि डोंगर मात्र होता तिथेच होता. पोराला मांडीवर घेऊन आपण हसलो होतो, आणि आता आपणच ते हाताला धरून चालवत नेलं. कळस छातीशी धरून फोटोसुद्धा काढून घेतला. तो बोटीच्या काठावर बसला.

मुकेशला सगळं सांगावं लागलं. तोंडून जागा बाहेर पडली ती अशी, तिचा काही उपयोग उरला नाही तेव्हा.  मुकेश म्हणाला, "काका, तुमी एकदा मला आणलं असतं ना, मी पॉइंट मारून ठेवला असता. एक बटन दाबायचं होतं." त्यात टोमणा नव्हता, पोराला खरंच वाईट वाटत होतं. दोघांनी जुन्या देवळाची जागा अंदाजानं धरून बघितली. पण तिथे माडांची नि सुरूंची सलग काळी रेघ होती, आणि आठ मैलांवरून सगळे माड सारखे.

परतताना नारूनं शिशाचा गोळा समुद्रातच घासून घासून धुतला.

शांती जोत्यावर बसली होती. तिनं टोपलीतून गोळा काढून बघितला आणि चिखल कुठे म्हणून विचारलं. धुतला गेला, असं तो म्हणाला खरा. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "जागा गेली, शांते."

"मला ठाव होतं," शांती म्हणाली.

"कवापासून?"

"तुमी सभेत हात वर केला, तवापासून."

"मग बोलली का नाय?"

शांतीनं नाकासमोर पाण्याकडे बघितलं. "तुमी तांडेल, होडी चालवणारे. खुणा तुमच्या. मला वाटलं, तुमच्याकडं दुसरी असंल."

नारू म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा रडला, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. शांतीनं त्याला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, उद्या परत जाल का? षष्ठी असली म्हणून काय झालं. मी वलांडीचा उंच बांबू घेते, त्याला पांढरी चादर बांधते आणि इथे, या जोत्यावर, उभी राहते. दिसेन का मी तिथून?

नारूनं तिच्याकडे पाहिलं. साडेचार फुटांची बाई, बारा फुटांचा बांबू. चाळीस फुटांचं शिखर एक पावसाळा चुन्यावाचून राहिलं तर दिसेनासं व्हायचं.

"दिसशील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुकेशनं न विचारता बोट काढली. नारू डोळ्यांवर हाताची सावली धरून किनाऱ्याकडे बघत राहिला. मुकेशचे डोळे तरुण, त्यानंही बघितलं. नवं देऊळ दिसत होतं, चिमणी दिसत होती, माडांची रेघ दिसत होती. चादर दिसत नव्हती. चिमणीच्या रेषेवर बोट हळूहळू पुढे नेत नारूनं नऊ ठिकाणी गोळा टाकला आणि नऊ वेळा वाळू आली. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं स्वतःच परत फिरायला सांगितलं. या वेळी गोळा धुवायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

शांती अजून जोत्यावर उभी होती. सकाळपासून वाऱ्यात बांबू धरून तिचे दोन्ही तळवे सोलवटले होते. नारूला पुळणीवर येताना बघून तिनं बांबू आडवा ठेवला आणि विचारलं, "दिसले?"

"दिसलीस."

"डोंगराखाली?"

समुद्रातल्या जागांबद्दल नारू तांडेल जन्मभर न अडखळता खोटं बोलला होता. आज अडखळला. मग म्हणाला, "बरोबर डोंगराखाली."

शांतीनं मान डोलावली. टोपली त्याच्या हातातून घेतली, चादर घडी करून काखेत धरली आणि दोघं घरी आले. दारात आल्यावर तिनं टोपलीतला गोळा काढून उलटा केला. साबणाला पांढरी, स्वच्छ वाळू चिकटली होती. ती तिनं नीट बघितली. नारू उंबऱ्याशी पाठमोरा उभा होता, त्याला वळून बघायचा धीर होत नव्हता.

शांतीनं चिमूटभर वाळू नखानं काढली, दर वर्षीसारखी तुळशीच्या मातीत दाबली आणि वर तांब्याभर पाणी घातलं.